कन्सोलला घरातला कायमचा नंबर देताना

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बेळगावातल्या शहापूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, परत नुसतं गरगर फिरूलंय बघ." फिरत होतं ते त्याच्या प्लेस्टेशन ४ या गेम खेळायच्या कन्सोलच्या पडद्यावरचं वर्तुळ. करंट जाऊन आला की हेच. घरात सगळ्यांच्या मोबाईलवर नेट चालू, टीव्हीवर यूट्यूब चालू, कन्सोल तेवढा बाहेर. तू काही बदललंस का, असं विचारल्यावर आधी "काहीच नाही", आणि मग जरा थांबून, "एका व्हिडिओत बघून आयपी आणि डीएनएस टाकलं होतं. स्पीड वाढतो म्हणाले."

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात बऱ्याच घरांत आता फायबर आलं आहे आणि त्याच्या मागोमाग कन्सोलही. आमची मुलं घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी असं सहज बोलतात, त्यामुळे इंग्रजी मेनूत शिरायला ती घाबरत नाहीत. पण आत गेल्यावर जे पाच रकाने भरायचे असतात त्यांचा अर्थ त्यांना कुणी बसून सांगितलेला नसतो. मग दुसऱ्याच्या घरचे आकडे आपल्या घरात येऊन बसतात. हा लेख त्या पाच रकान्यांबद्दल आहे: आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएसचे दोन. आकडे मी देवनागरीत लिहितो आहे, कन्सोलवर तेच इंग्रजी आकड्यांत टाकायचे.

आधी एक जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडे दार एकच, आत चार-पाच बिऱ्हाडं. पोस्टमनला वाड्याचा घर नंबर माहीत असतो. माडीवर कोण राहतं आणि परड्याकडच्या खोलीत कोण, हे त्याला माहीत नसतं आणि त्याचं त्यावाचून अडतही नाही. सोप्यात बसलेली आजी पत्रं घेते आणि ज्याची त्याला पोचवते. घरातला राउटर, म्हणजे नेट वाटणारा डबा, ही सोप्यातली आजी. बाहेरच्या इंटरनेटला तुमच्या घराचा एकच पत्ता दिसतो. आतल्या मोबाईलला, टीव्हीला, कन्सोलला राउटरनं आपले आपण नंबर दिलेले असतात, आणि ते फक्त वाड्याच्या आत चालतात. या पत्त्यांना, आतल्या आणि बाहेरच्या, आयपी पत्ते म्हणतात.

अशी व्यवस्था करावी लागली, कारण पत्ते पुरेनात. आयपी पत्त्याच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, चार आकडे असतात आणि प्रत्येक ० ते २५५ च्या आतला. त्यातून एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. त्याच्या कितीतरी आधी, १९९६ मध्ये, तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम पक्का झाला होता: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ चे, आणि आपल्या घरात नेहमी दिसणारे १९२.१६८ चे. हे पत्ते कुणाच्याही घरात वापरता येतात, कारण ते दाराबाहेर जातच नाहीत. जसं ‘माडीवरची खोली’ प्रत्येक वाड्यात असते, तसं १९२.१६८.१.५ जगात लाखो घरांत असतं. म्हणूनच व्हिडिओतला आकडा कधीकधी आपल्याकडे चालूनही जातो. तो चालला हा योगायोग असतो, आणि योगायोग पावसाळ्यात टिकत नाही.

भाच्याच्या घरी काय झालं होतं ते आता सांगता येईल. राउटर आपल्याजवळच्या नंबरांतून जे उपकरण मागेल त्याला एक नंबर काही मुदतीपुरता देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. लॉजवर मॅनेजर खोलीची किल्ली देतो तसंच हे. भाच्यानं कन्सोलला हातानं १९२.१६८.१.५ दिलं होतं, पण ते राउटरला सांगितलेलं नव्हतं. राउटरच्या वहीत ५ नंबरची खोली रिकामीच. करंट गेला, आला, राउटर नव्यानं सुरू झाला. टीव्ही आधी चालू झाला, त्यानं नंबर मागितला, राउटरनं ५ देऊन टाकला. कन्सोल त्या वेळी बंद होता, त्यामुळे हरकत घ्यायलाही कुणी नव्हतं. मग तासाभरानं भाच्यानं कन्सोल लावला आणि एका खोलीच्या दोन किल्ल्या झाल्या. कधी टीव्ही अडखळायचा, कधी कन्सोल. त्यात पंधरा दिवस गेले, आणि बहिणीनं त्या सगळ्याचा राग फायबर लावून गेलेल्या मुलावर काढला. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

मी रविवारी गेलो. बरोबर एक वही नेली. माझा आग्रह असा की काहीही बदलण्याआधी आपल्या घरचे चालू आकडे लिहून काढायचे. कन्सोलवरच्या सेटिंगमधून नेटवर्क पुन्हा ऑटोमॅटिकवर आणलं, जोडणी झाली, आणि मग ‘व्ह्यू कनेक्शन स्टेटस’ मध्ये जे दिसलं ते भाच्याला एकेक ओळ करून लिहायला लावलं. आयपी ॲड्रेस १९२.१६८.१.७. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.१. प्रायमरी डीएनएस तोच, १९२.१६८.१.१. सेकंडरी रिकामा. खाली मॅक ॲड्रेस, बारा अक्षर-अंकांचा. व्हिडिओ बघताना त्याला हे पान दिसलं नव्हतं असं नाही, पण ते आपल्या घराबद्दल आहे हे लक्षात आलं नव्हतं.

आता एकेक रकाना.

गेटवे म्हणजे सोप्यातल्या आजीचा स्वतःचा नंबर, म्हणजे राउटरचा. बहुतेक घरी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, पण ‘बहुतेक’ वर विसंबू नका. राउटरच्या तळाशी स्टिकर असतो, नाहीतर वर सांगितलेल्या पानावर दिसतोच. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र कन्सोल आधी याच्या हातात देतो, त्यामुळे हा एक आकडा चुकला की बाकी चार बरोबर असूनही नेट नाही.

सबनेट मास्क हा रकाना सगळ्यात अवघड वाटतो आणि घरी त्याला काहीच करावं लागत नाही. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ एवढाच: पत्त्यातले पहिले तीन आकडे गल्लीचे, शेवटचा आकडा घराचा. ज्यांचे पहिले तीन सारखे ते आपल्या गल्लीतले, त्यांच्याशी थेट बोलायचं. ज्यांचे वेगळे ते बाहेरचे, त्यांच्यासाठी गेटवेकडे जायचं. म्हणून कन्सोलच्या आयपीतले पहिले तीन आकडे गेटवेच्या पहिल्या तीन आकड्यांसारखेच हवेत. गेटवे १९२.१६८.१.१ आणि कन्सोल १९२.१६८.०.५० असं टाकलं तर वडगावात राहून टिळकवाडीतल्या शेजाऱ्याला खिडकीतून हाक मारल्यासारखं होतं.

आयपी ॲड्रेसमधला शेवटचा आकडा तेवढा आपण निवडायचा, आणि इथेच भाचा चुकला होता. तो राउटरच्या वाटपाच्या यादीत नसलेला हवा. राउटरच्या पानावर लॅन किंवा डीएचसीपी नावाचा भाग असतो. ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकला की राउटर नाव आणि पासवर्ड विचारतो, ते बहुधा त्याच स्टिकरवर असतात. तिथे वाटपाची सुरुवात आणि शेवट दिसतो. बहिणीच्या राउटरमध्ये २ पासून २५४ पर्यंत सगळंच वाटपाला ठेवलेलं होतं, म्हणजे कुठलाही आकडा हातानं टाकला तरी आज ना उद्या भांडण ठरलेलं. आम्ही वाटप १०० ते २०० एवढंच ठेवलं आणि कन्सोलला ५० दिला. त्या दिवसापासून तो खोळंबा पुन्हा झालेला नाही.

याहून चांगली एक वाट आहे. राउटरचा पासवर्ड तुमच्या हातात असेल तर मी तीच निवडेन. कन्सोल ऑटोमॅटिकवरच राहू द्यायचा आणि राउटरला सांगायचं की अमुक मॅक ॲड्रेसचं उपकरण आलं की त्याला हाच नंबर द्यायचा. याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. बहिणीकडेही ५० नंबर असाच नोंदवला. मॅक ॲड्रेस कारखान्यातच उपकरणाला मिळतो, जन्मखूण असावी तसा. फायदा असा की सगळी नोंद एकाच वहीत राहते, राउटरच्या. फक्त एक अडचण लक्षात ठेवा: वायफायचा मॅक वेगळा आणि लॅन केबलचा वेगळा. आज वायफायचा लिहून उद्या केबल लावलीत तर राउटर ओळखच देणार नाही.

पण खूप जणांना राउटरचा पासवर्ड मिळत नाही. भाड्याच्या घरात, पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुलांकडे, किंवा नेट देणाऱ्यानं तो स्वतःजवळ ठेवलेला असेल तिथे. मग कन्सोलवरच हातानं टाकावं लागतं. तेव्हा राउटर सहसा खालच्या आकड्यांपासून वाटत जातो हे धरून २४० च्या पुढचा एखादा आकडा घ्यावा. हा अंदाज आहे, खात्री नाही, आणि जोडणी अडली तर पहिला संशय याच आकड्यावर घ्यायचा.

कुठे टाकायचं ते पटकन सांगतो. प्लेस्टेशन ४ वर सेटिंग्ज, नेटवर्क, सेट अप इंटरनेट कनेक्शन, मग वायफाय किंवा लॅन केबल, आणि ‘ईझी’ न निवडता ‘कस्टम’. प्लेस्टेशन ५ वर त्याच जागी जाऊन आपल्या जोडणीवर थांबायचं, कंट्रोलरवरचं ऑप्शन्स बटण दाबायचं, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडतात. एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, जनरल, नेटवर्क सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे आयपी आणि डीएनएस वेगवेगळे. निन्टेन्डो स्विचवर सिस्टीम सेटिंग्ज, इंटरनेट, आपलं वायफाय निवडून चेंज सेटिंग्ज. प्रॉक्सी, म्हणजे नेटच्या वाटेवरचा मधला माणूस, विचारला तर ‘वापरू नका’ हेच. कार्यालयातल्या किंवा कॉलेजातल्या नेटला प्रॉक्सी लागू शकतो, घरात नाही.

उरले डीएनएसचे दोन रकाने, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच दोघांबद्दल आहेत.

कन्सोलला सर्व्हरचं, म्हणजे गेम चालवणाऱ्या दूरच्या यंत्राचं, नाव माहीत असतं, पत्ता माहीत नसतो. नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानपट्टीवर आपण विचारतो, "पाटलांचं घर कुठलं?", तसं. एकाच पत्त्याला दोन नावंही असू शकतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री आमच्या गावाचं नाव बेळगावी झालं, आम्ही घरात बेळगाव म्हणतो, पाकिटावर कुठलंही लिहा, पिन ५९०००१ असेल तर पत्र त्याच पोस्टात येतं. डीएनएसमध्येही अशी टोपणनावं असतात आणि शेवटी ती एकाच आकड्याकडे घेऊन जातात.

आता पानपट्टीवाल्यानं घर झटकन सांगितलं म्हणून त्या घरापर्यंतचा रस्ता आखूड होतो का? नाही ना. डीएनएस बदलल्यानं गेमचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, कमी होत नाही, तो याच कारणानं. पत्ता एकदा कळला की पुढे कन्सोल थेट त्या पत्त्याशी बोलतो, डीएनएसला पुन्हा मधे यायचं कारण नसतं. फरक पडतो तो वेगळ्या ठिकाणी. नेट देणाऱ्याचा डीएनएस मंद किंवा आजारी असेल तर लॉगिन होत नाही, स्टोअर उघडत नाही, चित्रं अर्धवट येतात, आणि गेम मात्र एकदा सुरू झाला की ठीक चालतो. अशी लक्षणं असतील तर डीएनएस बदलून बघण्यात अर्थ आहे. गुगलचा ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हा जोड २००९ पासून आहे, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि १.०.०.१ हा २०१८ पासून. दोन्ही फुकट. यातला एक प्रायमरीत, दुसरा सेकंडरीत.

याच्या पलीकडचे, ‘गुप्त’, ‘प्रो’, ‘फास्ट’ म्हणून सांगितलेले डीएनएस आकडे मुलांना टाकू देऊ नका. हे मी कळकळीनं सांगतो. डीएनएस ज्याच्या हातात, त्याला तुमचा कन्सोल कुठली नावं विचारतो ते सगळं दिसतं, आणि त्याच्या मनात आलं तर तो चुकीचं घरही दाखवू शकतो. अनोळखी माणसाला आपण घराचा रस्ता विचारतो, पण हातात पाकीट देऊन नाही. कन्सोलवर आईच्या किंवा वडिलांच्या कार्डाची माहिती साठवलेली असते.

मग हातानं सेटिंग करायचं तरी कशाला, असं कुणी विचारेल. खरं उत्तर असं की बहुतेक घरांना गरजच नसते. गरज पडते ती मित्रांबरोबर ऑनलाईन खेळताना. तुम्ही विचारलेल्याचं उत्तर आलं तर राउटर ते आत सोडतो, कारण कुणी विचारलं होतं हे त्यानं लिहून ठेवलेलं असतं. पण न विचारता कुणी बाहेरून आलं, जसं मित्राच्या कन्सोलनं थेट तुमच्या कन्सोलला हाक मारली, तर हे कुणाकडे आलंय हे त्याला कळत नाही आणि तो दारातूनच परतवतो. पत्त्यांच्या या अदलाबदलीला नॅट म्हणतात. प्लेस्टेशन त्याची अवस्था टाइप १, २, ३ अशी दाखवतो. १ म्हणजे मधे राउटरच नाही, २ म्हणजे राउटर आहे आणि सगळं ठीक, ३ म्हणजे अडचण. व्हिडिओतली मुलं टाइप १ च्या मागे लागतात. त्याची गरज नाही, घरात टाइप २ हीच चांगली अवस्था. एक्सबॉक्स ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट म्हणतो, स्विच ए पासून पुढची अक्षरं दाखवतो.

टाइप ३ आला तर आधी राउटरमध्ये यूपीएनपी चालू आहे का बघा. त्यामुळे कन्सोलला राउटरकडे स्वतःच दार उघडून मागता येतं आणि बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे आजीला आधीच सांगून ठेवायचं की अमुक खुणेचं जे येईल ते थेट ५० नंबरच्या खोलीत पाठव. या खुणेच्या आकड्याला पोर्ट म्हणतात. आणि खोलीचा नंबर रोज बदलत असेल तर ही सूचना निकामी होते, म्हणून कायमचा आयपी लागतो. हातानं सेटिंग करण्याचं सगळ्यात खरं कारण हेच आहे. टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती. प्लेस्टेशन ४ साठी टीसीपीचे १९३५ आणि ३४७८ ते ३४८० हे पोर्ट, यूडीपीचे ३०७४, ३४७८ आणि ३४७९. एक्सबॉक्ससाठी ३०७४ मुख्य. प्रत्येक गेमचे स्वतःचे आणखी असू शकतात. राउटरमध्ये डीएमझी नावाचा एक पर्याय दिसेल, तो सगळी दारं एकदम सताड उघडतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

एवढं करूनही टाइप ३ तसाच राहिला, असं मी आमच्याकडे पुष्कळ बघितलं आहे, आणि मग मुलं आपलंच काही चुकलं असं समजून रात्ररात्र आकडे बदलत बसतात. चूक त्यांची नसते. दोनपैकी एक कारण असतं.

पहिलं, घरात दोन राउटर. फायबर लावणारा एक डबा बसवून जातो, तो स्वतःच राउटर असतो. मग वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही म्हणून आपण दुसरा आणून लावतो. आता दारात एक आजी आणि जिन्यात दुसरी. बाहेरून आलेलं पहिलीनं घेतलं तरी दुसरी ते परत करते. उपाय सोपा आहे: आतल्या राउटरला त्याच्या सेटिंगमधून ‘ॲक्सेस पॉइंट’ करायचं, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो, नंबर वाटत नाही.

दुसरं कारण मोठं आहे आणि आपल्या हातात नाही. पत्ते कमी पडतात म्हणून काही नेट देणारे शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. आख्ख्या गल्लीचं टपाल एकाच दारात. याला सीजीनॅट म्हणतात आणि त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर वॅन आयपी नावाचा आकडा, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, असतो तो लिहून घ्या. मग मोबाईल त्याच वायफायवर ठेवून ‘माझा आयपी काय’ असं इंटरनेटवर शोधा. जुन्या पद्धतीचा, चार आकड्यांचा पत्ता दिसेल तो बघा. दोन्ही आकडे सारखे तर ठीक. वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तुमच्या राउटरमागे आणखी एक मोठा राउटर आहे. नुसता वेगळा आकडा दिसला तर आधी वरचं पहिलं कारण तपासा. सीजीनॅटच असेल तर घरातल्या पोर्ट फॉरवर्डिंगला अर्थ उरत नाही. नेट देणाऱ्याला फोन करून ‘पब्लिक आयपी’ मागायचा, काही जण त्याचे वेगळे पैसे घेतात. खानापूर तालुक्यातल्या आतल्या गावांत जिथे फायबर पोचलेलं नाही आणि मोबाईलच्या सिमवर घर चालतं, तिथे बहुधा हीच परिस्थिती असते.

कन्सोलच्या सेटिंगमध्ये एमटीयू नावाचा आणखी एक आकडा दिसतो, त्याबद्दल थोडं. आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागतात. भर जास्त असेल आणि वाटेत कमान बुटकी असेल तर एकतर ऊस उतरवून दोन खेपा करायच्या, नाहीतर ट्रॉली तिथेच अडकणार. एमटीयू म्हणजे एका खेपेला किती भर न्यायचा ते माप. नेहमीच्या जोडणीत ते १५०० बाइट्स असतं. नाव-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत ८ बाइट्स त्या व्यवस्थेतच जातात, म्हणून १४९२ उरतात. प्लेस्टेशनवर हे ऑटोमॅटिकच ठेवा. स्विच मात्र स्वतःहून १४०० धरतो. तो तसाही चालतो, पण कुणाला वाढवायचं असेल तर १५०० किंवा पीपीपीओई असेल तर १४९२ करून बघावं आणि जोडणी अडखळली तर मागे यावं.

आता खुद्द वेगाबद्दल, कारण भाच्याचं सगळं त्याच्यापायीच सुरू झालं होतं. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बेळगावहून मुंबई आणि बंगळूर दोन्ही सुमारे पाचशे किलोमीटर. तेव्हा सर्व्हर मुंबईत असेल तर जाऊन येऊन पाच मिलिसेकंद नुसत्या अंतराचे, वर मधल्या यंत्रांचे काही. तोच सर्व्हर सिंगापूरला असेल तर सरळ रेषेतच साडेतीन हजार किलोमीटर, म्हणजे निदान पस्तीस मिलिसेकंद, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सोळा-सतरा मिलिसेकंदांचं. म्हणजे दोन चित्रांचा उशीर नुसत्या अंतरानं. हा उशीर पाच रकान्यांतल्या कुठल्याही आकड्यानं भरून निघत नाही. गेममध्येच सर्व्हर निवडायची सोय असते तिथे भारत निवडायचा.

घरातला उशीर मात्र कमी करता येतो. बहिणीचं घर शहापुरातल्या जुन्या घरांसारखंच लांबलचक: पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परडं. भिंती मातीच्या, हातभर जाड. राउटर सोप्यात आणि कन्सोल पार मागच्या खोलीत. त्यात त्याचं प्लेस्टेशन ४ हे २०१३ चं पहिलं मॉडेल, जुनं विकत घेतलेलं. त्याला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं, ५ चं कळत नाही. दोन्ही बाजूंच्या घरांतले राउटर त्याच पट्ट्यात बोलणारे. आम्ही खडेबाजारातून वीस मीटरची लॅन केबल आणली, कॅट ५ई, आणि तुळयांच्या कडेनं खिळे मारत मागपर्यंत नेली. अशी केबल शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग नेते, त्यामुळे लांबीची चिंता नव्हती. केबल लावल्यावर मॅक बदलला, म्हणून रिझर्व्हेशन पुन्हा केलं. वहीत जुनी ओळ खोडून नवी लिहिली. त्या दिवशी खेळातला जो फरक भाच्याला जाणवला तो केबलीचा होता. आयपीनं फक्त त्याचं रोजचं तुटणं थांबवलं होतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याच्या लक्षात यावं म्हणून मी मुद्दाम दोन्ही एका दिवशी केल्या नव्हत्या. आकडे पहिल्या रविवारी, केबल पुढच्या.

एक आकडा मात्र सगळ्यांनी ओळखता यायला हवा. स्टेटसच्या पानावर आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कन्सोलनं नंबर मागितला आणि कुणी दिलाच नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक धरला आहे. सोप्यात कुणी नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी डीएनएस बदलण्यात वेळ घालवू नका. केबल सैल आहे का, राउटर चालू आहे का, वायफायचा पासवर्ड कुणी बदलला का, एवढं बघा.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा कन्सोल घेऊन निपाणीला काकांकडे गेला. तिथे पुन्हा फोन आला, मला वाटलं आता परत गरगर. पण त्यानं आधीच वही काढली होती. शहापूरच्या राउटरवर एकदा काम निघालं तेव्हा त्यानं कन्सोलच्या लॅन जोडणीला हातानं ५० दिला होता, आणि तो तसाच राहिला होता. "मामा, इथला गेटवे १९२.१६८.०.१ आहे, माझ्यात अजून १ वाला पडलाय. म्हणून मी ऑटोमॅटिकवर टाकलं, चालू झालं." मग फोन कशाला केलास, विचारलं. "काकांच्या टीव्हीचा आयपी पण लिहून ठेवू काय, तेवढंच विचारायला."